वर्कस्टेशनच्या रॅमला हीटसिंक हवा का? माझा अनुभव

रेंडरिंग आणि सिम्युलेशनच्या या वर्कस्टेशनसाठी डीडीआर५ पिढीची ईसीसी (डेटातल्या छोट्या चुका दुरुस्त करणारी) अनबफर्ड (मध्ये बफर चिप नसलेली) रॅम घेतली, ३२ जीबीच्या चार स्टिक. चारही उघड्या: पट्टीवर काळ्या चिप आणि वर कागदी लेबल, बस. ईसीसी रॅम बहुतेक अशीच येते. रात्रभर चालणाऱ्या कामाला उघडी रॅम पुरेल का, हे अंदाजाने ठरवायचं नव्हतं. म्हणून हीटसिंक (उष्णता पसरवणारा धातूचा पत्रा) घेण्याआधी तापमान मोजलं.

अशी एक स्टिक भरपूर लोडवर साधारण ३ ते ५ वॅट खाते आणि ती उष्णता दोन्ही बाजूंच्या २० चिपांवर पसरलेली असते. प्रोसेसरचे दीड-दोनशे वॅट एवढ्याशा जागेतून निघतात, तिथे हीटसिंकवाचून चालतच नाही. रॅमचं गणित वेगळं आहे. डीडीआर५ मध्ये एकच जागा नाजूक: व्होल्टेज सांभाळणारी पीएमआयसी चिप आता मदरबोर्डवर नसून स्टिकवर, मधल्या भागात असते आणि ती आजूबाजूच्या चिपांपेक्षा जास्त तापते. हीटसिंकशिवाय चालायचंच नाही अशी रॅम पूर्वी होती. २००६ च्या मॅक प्रोमधल्या एफबी-डिम प्रकारच्या रॅमवर मोठे हीटसिंक असत, कारण प्रत्येक स्टिकवरची एएमबी बफर चिप एकटीच काही वॅट खायची. आजच्या साध्या स्टिकवर तसं काही नाही.

रॅमला किती तापमान चालतं, याबद्दल मात्र बराच गोंधळ आहे. मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेच्या नियमानुसार चिपच्या पृष्ठभागाला ८५ अंशांपर्यंत नेहमीचा रिफ्रेश (मेमरीचे सेल ठरावीक वेळाने पुन्हा भरणं) पुरतो. ८५ ते ९५ मध्ये रिफ्रेश दुप्पट वेगाने करावा लागतो, म्हणजे डीडीआर५ मध्ये ३.९ ऐवजी १.९५ मायक्रोसेकंदांनी. मग ५०-५५ अंशांवरच एरर येतात असं लोक का सांगतात? तेही खोटं नाही. मेमरीचा प्रत्येक सेल म्हणजे एक छोटा कपॅसिटर. तो गळतो, आणि तापला की जास्त गळतो. ओव्हरक्लॉक करणारे (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणारे) टी-रेफी हे सेटिंग ताणून दोन रिफ्रेशमधलं अंतर कित्येक पट वाढवतात, वर व्होल्टेज १.१ वरून १.३५-१.४ करतात. मग सेल पुन्हा भरण्याआधीच रिकामा होतो. म्हणजे ५० अंशांची ती मर्यादा रॅमची नसून त्या सेटिंगची आहे. वर्कस्टेशनवर टी-रेफीला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

चाचणीआधी बायोसमध्ये एक्सपो आणि एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारी तयार सेटिंग) दोन्ही बंद ठेवलं. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर दोन-रँकच्या (चिपांचे दोन गट असलेल्या) चार स्टिक असल्या की अधिकृत वेग ३६०० च असतो, तो तसाच राहू दिला. पहिल्या बूटला मेमरी ट्रेनिंगमुळे (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो त्यामुळे) कित्येक मिनिटं स्क्रीन काळी राहते. त्या वेळी पॉवर बंद करू नका, ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

मग मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमचे चार पास, एकही एरर नाही. पण या चाचणीवर थांबलं तर फसगत होते, कारण त्या वेळी ग्राफिक्स कार्ड गार असतं. खरी चाचणी लिनक्सवर घेतली: स्ट्रेस-एनजीने रॅमवर लोड, जोडीला ३०० वॅटच्या कार्डवर रेंडर, सलग दोन तास. डीडीआर५ च्या एसपीडी हबमध्येच (स्टिकची माहिती साठवणाऱ्या छोट्या चिपमध्ये) तापमानाचा सेन्सर असतो. लिनक्स कर्नल ६.११ पासून त्याचा ड्रायव्हर आलेला आहे, त्यामुळे सेन्सर्स कमांडमध्ये प्रत्येक स्टिकचा आकडा वेगळा दिसतो. दुरुस्त झालेल्या ईसीसी एररची नोंद रासडीमन हा प्रोग्रॅम ठेवत होता. हा आकडा हबजवळचा असतो, सर्वांत गरम चिपचा नव्हे, म्हणून मी १० अंशांची सूट धरली.

खोली २८ अंश. फक्त रॅमवर लोड असताना आतली स्टिक ४७ वर स्थिरावली. कार्डही चालू केल्यावर ४० मिनिटांत ६४. म्हणजे वाढलेले १७ अंश रॅमचे स्वतःचे नव्हतेच, कार्डाची गरम हवा वर येऊन स्टिकमध्ये अडकत होती. प्रोसेसरला लिक्विड कूलर असल्याने सॉकेटजवळ हवा हलवणारा पंखाच नव्हता. टॉवर कूलर असता तर हे काम त्याच्या पंख्याने आपोआप केलं असतं.

चिकटवायचे ॲल्युमिनियम हीटसिंक मधल्या दोन स्टिकवर लावून तीच चाचणी पुन्हा घेतली. ६४ ऐवजी ६२, आणि तिथे पोचायला थोडा जास्त वेळ लागला, इतकंच. धातूने उष्णता साठवली, पण ती घेऊन जायला हवा नव्हती. उलट जाड पत्र्यामुळे दोन स्टिकमधली फट जवळपास बुजली. मग हीटसिंक काढले आणि १२० मिमीचा एक पंखा कंसावर बसवून रॅमकडे तिरका वळवला, ८०० आरपीएम. त्याच लोडवर ५१. दोन तासांत एकही दुरुस्त एरर नाही.

तरीही हीटसिंक लावायचाच असेल तर पॅडची (चिप आणि पत्रा यांच्यामधल्या उष्णता वाहणाऱ्या मऊ पट्टीची) जाडी आधी तपासा. पीएमआयसीशेजारची कॉइल मेमरी चिपपेक्षा उंच असते. पॅड पातळ पडला तर पत्रा कॉइलवर टेकतो, चिपांपासून उचललेला राहतो, आणि शेजारच्या उघड्या टोकांना लागला तर शॉर्टही होऊ शकतो. कंपनीने बसवलेला हीटसिंक ओढून काढू नका. गोंद चिपच्या सोल्डरपेक्षा चिवट निघाला तर चिपच उपटून येते. हेअर ड्रायरने दोन-तीन मिनिटं गरम करून एका टोकाकडून हळूहळू सोडवावा, तोही वॉरंटी जाणार हे धरून. उंचीही मोजा: उघडी स्टिक सुमारे ३१ मिमी, टॉवर कूलरच्या पंख्याखाली बहुतेक बसते. उंच पंखांचा हीटसिंक अडतो, मग पंखा वर सरकवावा लागतो आणि कॅबिनेटचं झाकण लागत नाही.

१.३५ व्होल्ट किंवा त्यावर रोज चालवणार असाल तर पीएमआयसीवरही पॅड असलेली, हीटसिंकसह येणारी स्टिक घ्या. आठ स्लॉटच्या रजिस्टर्ड रॅमला (सर्व्हरमध्ये वापरतात त्या प्रकारच्या) मात्र आधी पंखा द्या. सर्व्हरमध्येही ती उघडीच असते, तिथे प्लास्टिकचं आच्छादन पंख्यांची हवा थेट तिच्यावरून नेतं.