घाटात अडकलेली कुपी

न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे किरणोत्सारी औषध देऊन स्कॅन काढणारे आम्ही लोक, तसं व्हायचंय म्हणणारी मुलं पहिल्यांदा रेडिएशनचंच विचारतात. अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा छातीवरचा टीएलडी बॅज, शिशाच्या विटा, अंतर राखायची सवय, हे सगळं शिकवतात. मीही बीएस्सीनंतर परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमधल्या डिप्लोमात शिकले. मला धास्ती असते ती घड्याळाची.

पुण्यात आमच्याकडे कॅन्सरच्या पेशंटच्या पेट स्कॅनसाठी टोचायचं एफडीजी, म्हणजे किरणोत्सारी साखर, मुंबईच्या सायक्लोट्रॉनवरून, ते किरणोत्सारी द्रव्य बनवणाऱ्या यंत्रावरून, गाडीनं येतं. त्यातल्या किरणोत्सारी फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणजे दर तेवढ्या वेळात ते निम्मं उरतं. त्या दिवशी सकाळी नऊला ६० मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप) हातात पडायला हवं होतं. ड्रायव्हरचा फोन आला : खंडाळ्याच्या घाटात टँकर आडवा झालाय. बाहेर पाच पेशंट रात्रीपासून उपाशी.

कुपी पावणेअकराला आली. किरणोत्सार मोजणाऱ्या डोस कॅलिब्रेटरवर आकडा ३१. घाटात कुणी काही सांडलं नव्हतं. बाकीचं वाटेतच विरून गेलं होतं.

नेहमीसारखं एकेकाला मशिन रिकामं होण्याच्या वेळेनुसार आठ-आठ मिलिक्युरी दिलं असतं, तर तिघांतच कुपी संपली असती. मी कागदावर मांडलं : दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं प्रत्येकी सात, म्हणजे चौघं बसतात. डोस कमी, म्हणून मशिनवर प्रत्येकाला जरा जास्त वेळ. मशिन एकच, म्हणून चौथ्याला इंजेक्शननंतर तासाऐवजी दोन तास थांबावं लागणार. डॉक्टरांनी होकार दिला, पण केमोनंतर तुलनेसाठी आलेल्या बाईंना पहिला नंबर द्यायला सांगितलं. त्यांचा आधीचा स्कॅन बरोबर तासाभरानं झाला होता, आताही तसाच हवा. नाहीतर आकडे जुळवून काय उपयोग?

उरले एक काका. वजन ९६ किलो, त्यांना डोसही जास्त लागणार, आणि घर कोथरूडला. बाकीचे सोलापूर, सातारा असे लांबून आलेले. डॉक्टरांनी त्यांना उद्या बोलवायचं ठरवलं. सांगायला मात्र मी.

"म्हणजे जाड आहे म्हणून माझा नंबर गेला?"

"थोडं तसंच, काका." खोटं कशाला बोलायचं?

ते तणतणले, मग एकदम म्हणाले, "आता खायला हरकत नाही ना?" काकूंनी तिथंच पिशवीतून थालीपिठाचा डबा काढला. शेजारी उपाशी माणसं! दोघांना घाईघाईनं खाली कँटीनकडे पिटाळलं आणि जिन्यावरून ओरडून सांगितलं, "रात्री भात आणि गोड नको हं, काका!"