वेलाला वळण लावताना

दुपारी अडीचचं ऊन हे बागेत जायचं ऊन नव्हे, हे मलाही कळतं. पण राक्षसी भोपळ्याच्या वेलाला हात लावायचा तर याच वेळी. रात्रभर पाणी पिऊन वेल सकाळी इतका ताठ असतो, की जरा वाकवायला जावं तर काकडीसारखा कट्‌कन मोडतो. दुपारी पानं माना टाकतात, खोडाचा ताठा उतरतो, आणि मग त्याला दोन गोष्टी समजावता येतात.

इथे मॅसॅच्युसेट्समध्ये भोपळ्याचा हा नाद घरोघरी नसला तरी गल्लोगल्ली एखाद्याला असतोच. आमच्या गल्लीत तो शेजारच्या आजोबांना आहे, आणि आता त्यांच्यामुळे मला. बी असतं ‘अटलांटिक जायंट’चं. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामध्ये विंडसर नावाचं गाव आहे, तिथल्या हॉवर्ड डिल या शेतकऱ्यानं निवडून निवडून हे वाण तयार केलं आणि 1979 ते 1982 अशी सलग चार वर्षं जगातला सर्वांत वजनदार भोपळा त्याचाच होता. आजचे सगळे धिप्पाड भोपळे याच घराण्यातले. बियांना नावंही खानदानी: आधी ज्या फळातून बी काढलं त्याचं वजन, मग पिकवणाऱ्याचं आडनाव, मग साल. आमच्याजवळच्या टॉप्सफील्डच्या जत्रेत 2012 साली रॉन वॉलेस यांचा भोपळा 2009 पौंड भरला, म्हणजे साधारण 911 किलो. 2000 पौंडांची वेस तेव्हा पहिल्यांदा ओलांडली गेली. 2025 मध्ये इंग्लंडातल्या दोघा पेटन बंधूंनी तो आकडा जवळपास 1279 किलोंवर नेला. या आकड्यांचं मला फार कौतुक नाही. असला भोपळा पाणचट आणि दोरेदोरे सुटणारा; त्याचे घारगे करायला जाऊ नये. मला गोडी आहे ती वेलाची.

वेलाच्या प्रत्येक पेरावर सगळा संसार मांडलेला असतो. एक पान, एक तणावा, एक फूल, बगलेत एक फुटवा, आणि खालच्या अंगाला मुळांचे पांढरे कोंब. यातलं काय ठेवायचं नि काय खुडायचं, एवढाच सगळा खेळ. मुख्य वेल सरळ पुढे न्यायचा. त्याच्या दोन्ही बाजूंना फुटलेल्या फांद्या काटकोनात बाहेर वळवायच्या आणि त्या फांद्यांना पुन्हा जी बगलफूट येते ती दिसताक्षणी काढायची. पानाला पान घासता कामा नये, आणि पाय ठेवायला वाट हवी. फांदी वळवली की तिच्या दोन्ही अंगांना बांबूच्या कामट्या रोवायच्या, नाहीतर उद्या ती परत मनासारखी निघते. मग पेरांवर मातीची भर द्यायची. तिथे मुळं धरतात, वेलाचं पोट भरतं, शिवाय वाऱ्यात तो उलटापालटा होत नाही. एका वेलाला पाचशे-सातशे चौरस फूट जागा लागते. मुंबईत तेवढ्यात वन बीएचके होतो.

खरी नाजूक गोष्ट फळापाशी. मादी फुलाला पहाटे हातानं परागकण लावले, गाठ धरली, गोळा फुगू लागला की देठ आणि वेल यांच्यातला कोन बघायचा. निसर्गतः देठ वेलाला अगदी लगटून असतो. तसाच राहिला तर भोपळ्याचा खांदा वाढता वाढता वेलावरच रेलतो. भर मोसमात दिवसाला पंधरा-वीस किलोंनी चढणारं हे प्रकरण. ते उंच होताना देठाला वर ओढतं, आणि वेल मुळांनी जमिनीला बांधलेला असला तर देठ तडकतो नाहीतर वेल फाटतो. म्हणून फळाच्या आजूबाजूच्या पेरांना माती लावायची नाही, धरलेली मुळं हलकेच सोडवायची. आणि फळ वळणाच्या बाहेरच्या बाजूला राहील अशा बेतानं वेल फळापासून दूर वाकवत न्यायचा. आज दोन बोटं, उद्या दोन बोटं. एका हातानं देठाजवळ आधार द्यायचा, दुसऱ्यानं वेल सरकवायचा. खोडावरची बारीक लव मनगटाला टोचत असते, ताण आला की आत कुठेतरी बारीकसा कुरकुर आवाज येतो. तिथे थांबायचं, कामटी रोवायची, नि घरात जाऊन सरबत प्यायचं. पुढचं उद्या. आठवड्याभरात देठ वेलाशी काटकोन करून उभा राहतो. हा काटकोन बघून मला होतो तेवढा आनंद फळाच्या वजनानं होत नाही.

आई उन्हाळ्यात इथे आली तेव्हा हा खटाटोप बघून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ‘‘अगं, चिपळूणला न्हाणीमागे बी पडलं की वेल आपला आपण कौलांवर चढायचा. याला एवढं काय शिकवायचं?’’

मी म्हटलं, ‘‘आई, तो कौलांवर चढला तर घर खाली येईल.’’

‘‘मग नका एवढा खायला घालू!’’

या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण तेवढ्यात तिचं लक्ष खुडलेल्या शेंड्यांच्या ढिगाकडे गेलं. मी ते खतात टाकायला निघाले होते. तिनं टोपली हातातून काढूनच घेतली. औषध मारलंय का, ते दोनदा विचारलं. मग ओट्याशी बसून एकेका देठाची साल धाग्यासारखी सोलून काढली, कोवळी पानं चुरली, आणि लसूण-मिरचीवर परतून वर ओलं खोबरं घातलं. नर फुलांची भजी झाली. फळ धरल्यावर त्या फुलांचं तसंही काही काम उरत नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबांना कुंपणावरून एक डबा गेला. इतकी वर्षं भोपळे वाढवून या वेलाचा शेंडा खातात हे त्यांना ठाऊक नव्हतं. डबा धुऊन परत आला, आणि तेव्हापासून त्यांच्या बागेतले खुडलेले शेंडे कागदी पिशवीत भरून आमच्या फाटकाला लटकलेले असतात. आई पिशवी उघडते, एक शेंडा नखानं दाबून बघते आणि दर वेळी मला सांगते, ‘‘त्यांना म्हणावं, दोन दिवस आधी खुडा. निबर होतात.’’