झेनॉन की गेटअवे : नोंद तिसरी

हौसेसाठी जुना पिकअप शोधतो आहे. मागच्या नोंदीत त्याच्या यादीत पाच गाड्या होत्या. एकीच्या हौद्यातली रबरी मॅट उचलली तर खाली गंजून पडलेल्या भोकातून रस्ता दिसला. दुसरी पिवळ्या पाटीची, म्हणजे मालवाहू नोंदणीची निघाली, तिसरी मी विचार करत बसलो तेवढ्यात विकली गेली. उरल्या दोन. दोन्ही डबल केबिन, डिझेल, फोर बाय फोर आणि पांढऱ्या पाटीच्या. एक २०१२ ची टाटा झेनॉन एक्सटी, दुसरी २०१४ ची महिंद्रा स्कॉर्पिओ गेटअवे. बजेट तेच, पाच लाख. त्यातले सव्वा लाख मिस्त्रीच्या नावानं आधीच बाजूला काढलेत.

पिवळ्या पाटीला का नाही म्हणतो, असं दोघा वाचकांनी विचारलं होतं. चालवायच्या परवान्याची अडचण नाही. साडेसात हजार किलोच्या आतली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही (हलकं मोटार वाहन) परवान्यावर चालवता येते, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये शिक्कामोर्तब केलं आहे. माझा वैताग फिटनेसचा. मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी. हौसेच्या गाडीसाठी दरवर्षी आरटीओची रांग लावायची माझी तयारी नाही.

कागदावर दोघींची तुलना करताना गंमत वाटते. कंपन्या वेगळ्या, घराणी वेगळी, पण दोन्ही इंजिनं २१७९ सीसीची. झेनॉनचं २.२ डायकोर १४० अश्वशक्ती आणि ३२० न्यूटन मीटर टॉर्क देतं, गेटअवेचं एमहॉक १२० आणि २९०. झेनॉनचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ३१५० मिलिमीटर, गेटअवेचा ३०४०. सस्पेन्शनला पुढे दोघींना टॉर्शन बार (पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा), मागे पाटे. हे आकडे पाठ होते तेव्हा मी मनातल्या मनात झेनॉन घेऊन टाकली होती. मग गेटअवे प्रत्यक्ष पाहिली आणि पार विरघळलो. पुढून ती स्कॉर्पिओच आहे, आणि माझ्या वयाच्या माणसाला त्या तोंडापुढे नाही म्हणणं जड जातं.

गेटअवे मानकापूरकडे होती. सांगितलेल्या वेळी पोचलो, बोनेटला हात लावला तर चटका बसला.

“काऊन भाऊ, इंजिन आधीच गरम करून ठेवलं का?”

“नाही ना, आत्ताच डिझेल टाकून आलो.”

टाकीचा काटा तळाला होता. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, न कळवता, पुन्हा दारात. मालक बनियानवर बाहेर आला, पण चावी दिली, हे त्याचं मोठेपण. थंड इंजिन तिसऱ्या सेल्फला लागलं आणि चांगला दोन मिनिटं पांढरा धूर. मे महिन्यातल्या नागपूरच्या पहाटेला थंडीचं कारण देता येत नाही.

तिथून वाडीला, आमच्या मिस्त्रीकाकांकडे. कॉमन रेल डिझेल (एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, सगळ्या इंजेक्टरांना दाबाचं डिझेल मिळतं ते) जुनं घेताना ही एक चाचणी चुकवू नका. इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या आणि इंजिन काही मिनिटं आयडलवर ठेवायचं. चारही बाटल्यांत डिझेल साधारण सारखं साचलं तर बरं. ज्या बाटलीत जास्त, तो इंजेक्टर आतून गळतो, रेलमध्ये दाब धरत नाही, म्हणून सकाळी सेल्फ मारत बसावं लागतं. गेटअवेची तिसरी बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली. काका म्हणाले, “भेसळीचं डिझेल पिली आहे बाप्पा ही. एक बदलून भागत नाही, चारही काढून तपासा लागन.” ऑइलचं झाकण उघडलं तेव्हा मात्र धुराचा भपका नव्हता, टर्बोचा दांडा हलवून पाहिला तर नावापुरतीच ढील. म्हणजे इंजिन मेलेलं नाही, पोट बिघडलेलं आहे.

झेनॉन सावनेरच्या एका बागायतदाराची, पाटी एमएच-४०. त्यांनी मला स्वतःच सांगितलं, “सकाळी या, इंजिन थंड असताना चालू करून पाहा.” पहिल्याच सेल्फला लागली. बाटल्या चारही सारख्या. चेसिसवर केबिनच्या मागे तडा नाही, पाट्यांच्या हँगरला वरवरचा गंज. एवढं सगळं चांगलं पाहून मला उलट संशय यायला लागला, आणि तो खरा ठरला. फोर बाय फोरचा स्विच फिरवला की दिवा लुकलुकतो आणि लुकलुकतच राहतो.

ज्यांनी हे अजून तपासलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. या स्विचला दांडा-बिंडा काही नसतो. ट्रान्सफर केसवर (पुढच्या चाकांकडेही ताकद वळवणारा गिअरचा डबा) एक छोटी मोटर असते, ती आतला गिअर सरकवते. फोर-लो (चारही चाकं, हळू आणि जास्त जोर) साठी गाडी थांबवून, क्लच दाबून स्विच फिरवायचा. दिवा लागला म्हणून खूश व्हायचं नाही. मित्राला स्टिअरिंगवर बसवून गाडी मातीत हळू पुढे घ्यायला सांगा आणि पुढच्या चाकांनी माती ओढली का ते बाजूला उभं राहून बघा. डांबरी रस्त्यावर फोर-हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग) टाकून गोल चकरा मारू नका. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा मधला डिफरन्शियल नसल्यानं सगळं अडकून ताणलं जातं आणि चाचणी तुम्हाला महाग पडते. गेटअवेनं गोरेवाड्याकडच्या मुरमावर पुढची चाकं झकास फिरवली. झेनॉनची ढिम्म. बागायतदार म्हणाले, “आठ वर्षांत कधी टाकलंच नाही बुवा.” रोग तोच असणार, न वापरल्याचा.

मग वजनाची फेरी. रिकामा पिकअप चालवून काही कळत नाही, मागचे पाटे उड्या मारतात आणि माणूस उगाच नाव ठेवतो. वीस लिटरचे पाण्याचे बारा कॅन भरून हौद्यात बांधले, म्हणजे २४० किलो. मागच्या सीटवर बाबा. फेटरी, कळमेश्वर करत काटोलच्या अलीकडून परत, दोन्ही गाड्या, दोन वेगळे दिवस. वजन पडल्यावर झेनॉन शहाण्यासारखी बसते. ११० मिलिमीटर जास्तीचा व्हीलबेस कागदावर किरकोळ वाटतो, पण स्पीडब्रेकरवर बाबांनी तो बरोबर ओळखला. गेटअवेत ते तीन वेळा “अरे हळू” म्हणाले, झेनॉनमध्ये कळमेश्वरच्या आधीच डोळा लागला. पाठ दोघींचीही ताठच, फार अपेक्षा नको. एसी मात्र गेटअवेचा सरस, आणि भर दुपारी एकला ४५ अंशांत ही लहान बाब नाही.

स्पेअरचा हिशेब मी उलटा धरून बसलो होतो. वाटायचं, स्कॉर्पिओ गल्लोगल्ली आहे, म्हणजे गेटअवेला मरण नाही. इंजिनापुरतं ते खरं. पण हौदा, फाळका, मागचे दरवाजे स्कॉर्पिओचे कुठे लागतात? झेनॉनचं डायकोर सफारीतही होतं, त्यामुळे इंजिनाची चिंता तिकडेही नाही. शिवाय २०१७ मध्ये आलेली टाटाची योद्धा पिकअप झेनॉनच्याच अंगावर बांधलेली, आणि वाडीत योद्धा दर दहा मिनिटांनी दिसते. काकांनी हे एका वाक्यात सांगितलं, मी त्यावर दोन रात्री घालवल्या.

शेवटचा घाव आरसीनं घातला. गेटअवेवर फायनान्सचा बोजा अजून चढलेला. हप्ते फिटलेत म्हणे, पण एनओसी सापडत नाही. “होऊन जाईल ना भाऊ.” होईलही. पण माझा टोकनचा पैसा त्या “होऊन जाईल”वर अडकवायची हिंमत झाली नाही. झेनॉनचे कागद स्वच्छ, फक्त २०२७ मध्ये पंधरा वर्षं भरतात. म्हणजे तेव्हा पुन्हा नोंदणी, तपासणी आणि पर्यावरण कर. तो खर्च आणि मोटरचा खर्च दाखवून तीन लाख साठ हजारांवरून तीन लाख पंचवीस हजारांवर सौदा ठरला. अकरा हजार टोकन दिलं, आठवड्यानं गाडी दारात.

पहिलं काम फोर बाय फोरची मोटर. चार बोल्ट, एक कनेक्टर, पण गाडीखाली झोपून ते काढायला मला पाऊण तास लागला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून उघडली (बायको माहेरी होती, नाहीतर ही नोंद गॅलरीतून लिहिली असती). आतलं ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं, एक ब्रश (मोटरला वीज पोचवणारा कार्बनचा तुकडा) त्यातच चिकटून बसलेला. डिझेलनं धुतलं, ब्रश मोकळा केला, नवं ग्रीस लावून बॅटरीचे बारा व्होल्ट दिले. फिरली. पण अर्धा फेरा झाला की अडखळते. बहुधा गिअर कुठल्या जागी आहे ते सांगणारी तांब्याची चकती काळी पडली आहे. ती आज बारीक पॉलिश पेपरनं घासतो. रविवारी बसवून सावनेरच्याच पांदणीत नेईन, काळी माती अजून कोरडी आहे तोवर. मृगाचा पहिला पाऊस पडला की त्या पांदणीत टायरला चिखलाचे गोळे धरतात, आणि तेव्हा दिवा लुकलुकत राहिला तर ओढून काढायला ट्रॅक्टरच बोलवावा लागेल.