कडेवरची झाळ

निपाणीच्या गुरुजींनी काउंटरवर ठेवला तो 1911 चा रुपया, पंचम जॉर्जचा. झग्यावरच्या साखळीतला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि 1912 ला ज्याचं चित्र बदललं, तो. ग्रेडिंग कंपनीच्या, म्हणजे नाणं तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपनीच्या, सीलबंद प्लॅस्टिक डबीत, होल्डरमध्ये. कंपनीच्या संकेतस्थळावर लेबलावरचा नंबर जुळत होता, पण त्या नंबरला फोटो नव्हता. "वजन तेवढं करून द्या की हो," गुरुजी म्हणाले. होल्डरसकट नाण्याचं खरं वजन कळत नाही, आणि होल्डर फोडला की कंपनीची हमी संपते. हे दोनदा समजावलं, सही घेतली, मोबाइल स्टँडवर लावून रेकॉर्डिंग सुरू केलं, मगच निपर उचलला.

हातोडीने होल्डर फोडायचे व्हिडिओ टाकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. टणक प्लॅस्टिकला तडा कुठून कुठे जाईल याचा नेम नसतो. स्क्रूड्रायव्हरने उचकटणं त्याहून वाईट. निसटला की ओरखडा थेट राजाच्या गालावर. अ‍ॅसिटोन ओतलं तर प्लॅस्टिक विरघळून चांदीवर चिकटतं.

खाली जाड टॉवेल, डोळ्यांना चष्मा, हातात टाइल कापायचा निपर. सुरुवात लेबलाच्या टोकाकडून, नाण्यापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यावर. एका वेळी 3-4 मिलिमीटरच, तेही कडेला समांतर. दोन कोपरे गेले की जोड सुटायला लागतो, मग बाजूच्या कडा थोड्या थोड्या चावत जायच्या. नाणं आतल्या मऊ कड्यात बसलेलं असतं. कडं वाकवायचं आणि नाणं फक्त कडेला धरून उचलायचं. त्यावर कापड अजिबात फिरवायचं नाही, प्लॅस्टिकचा चुरा पॉलिश पेपरसारखा घासतो. रबरी फुंकणीने उडवायचा.

वजन 11.61 ग्रॅम. मूळ 11.66, झीज धरता ठीक. पण मुकुटाच्या बरोबर वर, कड्याने झाकलेल्या जागी, कडेच्या रेघा कानशीने घासलेल्या आणि त्यात झाळेचा करडा ठिपका. आपल्या भागात रुपयांना कडी झाळून माळा करत, त्यातलाच हा. ग्रेडिंग करणारे अशी खूण लेबलावर लिहितात. इथे लेबल स्वच्छ, ग्रेड वरची.

मग जोडाचे तुकडे भिंगाखाली धरले. कंपनी दोन्ही भाग ध्वनिलहरींनी वितळवून सांधते, तो सांधा तुटला की कोरडा, पांढुरका दिसतो. इथे एका बाजूला गोंदाची काचेसारखी तार निघाली. होल्डर आधीच कुणीतरी उघडून नाणं बदललं होतं. गुरुजींना हे नाणं विकणारा म्हणतो, फोडलेला माल परत नाही. बदल त्यानेच केला की त्याच्याही आधीच्या कुणी, ते त्या तारेवरून ठरत नाही. तुकडे, लेबल आणि रेकॉर्डिंग गुरुजींना दिलं.

फोडण्याआधी हे बाहेरून कळलं असतं का, यावर अजून डोकं चालवतोय. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली तो गोंद निळसर चमकला. आता प्रत्येक होल्डरचा जोड आधी त्या दिव्याखाली जातो. सगळेच गोंद चमकत नाहीत, त्यामुळे काही दिसलं नाही तरी जोड मूळचाच आहे असं मी कुणाला लिहून देत नाही.