टाचणीच्या डोक्याएवढी जागा

आईचं बोट आज दुखण्यातून सुटलं. 7 वर्षं! खानापूरच्या थंडीत भांड्यांच्या पाण्यात हात घातला की कळवळायची. एक्स-रे साफ, म्हणून कुणी 'वात' म्हणालं, कुणी 'मनाचे खेळ'. त्याचा राग अजून जात नाही.

बेळगावात हाताच्या डॉक्टरांनी टाचणीच्या डोक्यानं नखावर हळूहळू दाबत नेलं. एका ठिपक्यावर आई किंचाळली. मग दंडाला बीपीचा पट्टा फुगवून पुन्हा तिथंच दाबलं, तर दुखेना! ग्लोमस ट्यूमर. एमआरआयमध्येही दिसला. बोटातलं तापमान सांभाळणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांच्या गुंत्यातली गाठ. बहुतेकदा साधीच, कॅन्सर नव्हे.

आज नख उचलून काढली. तांदळाच्या कणीएवढी.

"टाके दुखतात की," आई म्हणाली, "पण ते दुखणं गेलं बघ."