वीसपैकी सतरा

नवा क्लब हाती आला की बहुतेकांचा हात आधी स्ट्रायकर शोधायला जातो. बजेट किती, कोणाला विकून टाकता येईल, डाव्या बाजूला जरा पळणारा कोणी मिळेल का, हेच प्रश्न. ‘फुटबॉल मॅनेजर’ हा क्लब चालवण्याचा संगणकावरचा गेम खेळणाऱ्यांत एक वेगळी जमातही आहे. ती पहिल्या दिवशी खेळाडूंकडे ढुंकूनही बघत नाही. थेट स्टाफचं पान उघडते आणि ज्यांच्या नावाची जर्सी कधीच कोणी विकत घेणार नाही, अशा मंडळींचे आकडे वाचत बसते. डिफेंडिंग १४, टॅक्टिकल ११, शिस्त ६, जिद्द ९. मान हलते. पुढचा!

या जमातीचं म्हणणं साधं आहे. चांगला विंगर, म्हणजे कडेने पळणारा आक्रमक, दोन-तीन मोसम टिकतो, मग एखादा मोठा क्लब त्याला उचलतो. चांगला कोच त्या विंगरच्या जागी येणाऱ्या पुढच्या तिघांनाही घडवतो. आणि मिळतो किती स्वस्तात! बाकावर बसणाऱ्या एका राखीव खेळाडूवर जेवढा पैसा उधळला जातो, तेवढ्यात अनेकदा कोचांचा अख्खा ताफा बदलून निघतो. ज्याचा करार चालू आहे त्याच्यासाठी त्याच्या क्लबला भरपाई द्यावी लागते. जो मोकळा बसलाय त्याच्यासाठी तीही नाही. तरी हे पान उघडायचा लोकांना कंटाळा, कारण कोच गोल मारत नाही.

स्टाफमधल्या प्रत्येकाचे गुण १ ते २० या पट्टीवर मोजलेले असतात. सगळं उघड मांडलेलं आहे म्हटल्यावर निवड सोपी असायला हवी. सर्वात मोठा आकडा शोधायचा आणि सही घ्यायची. इथेच पहिली फसगत होते. अटॅकिंग १८ असलेला कोच आणला, त्याला सराव नेमून दिला आणि पाहिलं तर तारे, म्हणजे त्या सरावाच्या दर्जाला गेम देतो ते पाचपैकी गुण, जेमतेम अडीच. कारण सरावाचे विभाग एका गुणावर चालत नाहीत, जोडीवर चालतात. गोलकीपर आणि फिटनेस बाजूला ठेवले तर मैदानी खेळाचे सहा विभाग उरतात: बचाव, आक्रमण आणि चेंडू ताब्यात ठेवणं, या तिन्हींचा एकेक तांत्रिक आणि एकेक डावपेचांचा. आक्रमणाच्या तांत्रिक विभागाला अटॅकिंग आणि टेक्निकल लागतं, बचावाच्या डावपेचांना डिफेंडिंग आणि टॅक्टिकल. चेंडू ताब्यात ठेवण्याच्या दोन्ही विभागांना मात्र मेंटल हा गुण लागतो, आणि तो शोधायला लोक विसरतात. म्हणून बऱ्याच क्लबांत आक्रमणाला साडेचार तारे, बचावाला चार आणि पझेशनला, म्हणजे चेंडू ताब्यात ठेवण्याला, दोन, असं लंगडं चित्र दिसतं. तेव्हा शोधताना ‘टॅक्टिकल किमान १५’ एवढी एकच अट घालून उपयोग नाही. तिच्याबरोबर डिफेंडिंग, अटॅकिंग किंवा मेंटल यांपैकी एक किमान १४ हवं. नुसता टॅक्टिकल १७ आणि बाकी सगळं ९ असलेला माणूस चर्चेला बरा, सरावाला नाही.

दुसरी फसगत जास्त खोल आहे. जिद्द, शिस्त आणि प्रेरणा देण्याची हातोटी, म्हणजे गेमच्या भाषेत डिटरमिनेशन, लेव्हल ऑफ डिसिप्लिन आणि मोटिव्हेटिंग, हे तीन गुण कोचच्या पानावर इतर मानसिक गुणांच्या गर्दीत पडलेले असतात. दिसायला किरकोळ. पण सगळ्या विभागांचे तारे ठरवताना हे तिन्ही धरले जातात, आणि त्यांचं वजन भरपूर आहे. एक कोच घ्या: अटॅकिंग १७, टेक्निकल १०, आणि हे तिघे ८, ९, ७. दुसरा घ्या: अटॅकिंग १४, टेक्निकल १४, आणि हे तिघे १६, १५, १७. पहिल्याचं नाव मोठं असेल, तो कधीकाळी राष्ट्रीय संघाकडून खेळलाही असेल. तारे दुसऱ्याचे जास्त. शिवाय हा दुसरा माणूस आज आक्रमणाला लावला आणि उद्या दुसऱ्या विभागात हलवला, तरी त्याची तिन्ही भांडवलं त्याच्याबरोबर जातात. म्हणून या गेममध्ये मुरलेले लोक शोधाची चाळण लावताना आधी या तिघांना १४ची अट घालतात आणि विषय नंतर बघतात. माणूस आधी, विद्या मागून. खऱ्या जगातल्या नोकरभरतीत असं करायला कोणी धजावत नाही, कारण तिथे जिद्दीपुढे आकडा छापलेला नसतो.

माणसं मिळाली म्हणजे झालं असंही नाही. चार उत्तम कोच आणून सगळे विभाग त्यांच्यात वाटून टाकले की प्रत्येकाच्या डोक्यावर दोन-तीन कामं येतात, वर्कलोडचा शेरा ‘हेवी’कडे सरकतो आणि तारे खाली येतात. आदर्श मांडणी एका माणसाला एक विभाग. तेवढी माणसं परवडत नसतील तर निदान जोड्या शहाणपणाने लावाव्यात. डिफेंडिंग, टॅक्टिकल आणि टेक्निकल तिन्ही चांगले असलेल्याकडे बचावाचे दोन्ही विभाग जाऊ शकतात. फिटनेसचं तर फारच सोपं आहे. ताकद आणि चपळाई या दोन्ही विभागांना एकच फिटनेस गुण लागतो, त्यामुळे दोन फिटनेस कोच घ्यायचे आणि एकेक विभाग देऊन विषय संपवायचा. मात्र ‘फिटनेस कोच’ या पदावर घेतलेला माणूस फिटनेसच शिकवेल, आणि ‘गोलकीपिंग कोच’ फक्त गोलकीपरांना. करार देताना पद कोणतं निवडलं हे बघा, नाहीतर डिफेंडिंग १५ असलेला गडी वर्षभर डंबेल्स मोजत राहतो. किती कोच ठेवायचे याची मर्यादा क्लबचं बोर्ड ठरवतं. ती वाढवून मागता येते, आणि मागावी. खेळाडू घ्यायला पैसे मागितल्यावर तोंड फिरवणारं बोर्ड आणखी एका कोचची परवानगी पुष्कळदा देऊन टाकतं.

कधी शोधायचं यालाही मोल आहे. युरोपातल्या बहुतेक लीगमध्ये करार ३० जूनला संपतात. जुलै उजाडला की मोकळ्या माणसांची यादी एकदम फुगते आणि पहिल्या आठवड्यात जे हाती लागतं ते ऑगस्टमध्ये उरत नाही. मोसमाच्या मध्यात एखाद्या मोठ्या क्लबने मॅनेजर हाकलला तर तिकडेही लक्ष ठेवावं; नवा मॅनेजर आपली माणसं आणतो आणि जुन्यांपैकी काही रस्त्यावर येतात. लहान क्लबांची अडचण वेगळी. त्यांनी कोणावरही बोट ठेवलं तरी समोरून ‘इच्छुक नाही’. अशा वेळी जाहिरात द्यावी. अर्ज करणारे फार थोर नसतात, पण ते यायला तयार असतात, हा त्यांचा सर्वात मोठा गुण. नकाराचं कारण दर वेळी क्लबची पतच असतं असंही नाही. प्रत्येकाच्या मनात एक पद असतं. युवा विभागाचं प्रमुखपद हवं असलेला माणूस अठरा वर्षांखालच्या संघाचा साधा कोच म्हणून येणार नाही. पद बदलून पुन्हा विचारलं की तोच गृहस्थ होकार देतो.

तरुण कोच घेतला तर त्याला अभ्यासक्रमाला पाठवता येतं. परवाने नॅशनल सीपासून सुरू होऊन कॉन्टिनेंटल प्रोपर्यंत जातात, एकेक पायरी काही महिने खाते, आणि माणूस नापासही होतो. पास झाला तर गुण वाढण्याची आशा असते. निवृत्तीला आलेला आपलाच एखादा जिद्दी कप्तान असेल, तर त्याला स्टाफमध्ये वळवणं हा यातला सर्वात समाधानाचा सौदा. सुरुवातीला त्याचे शिकवण्याचे आकडे दरिद्री असतात, पण जिद्दीचा आकडा तो मैदानावरूनच घेऊन येतो.

आता पारखींकडे. स्काउटसाठी, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्यासाठी, दोन गुण: आजची कुवत ओळखणं आणि उद्याची ओळखणं, जजिंग प्लेअर ॲबिलिटी आणि जजिंग प्लेअर पोटेन्शियल. परक्या देशांत पाठवायचा असेल तर ॲडॅप्टेबिलिटीही बघावी. हे सगळ्यांना माहीत असतं. ज्याकडे दुर्लक्ष होतं तो असतो असिस्टंट मॅनेजर. आपल्याच संघातल्या खेळाडूंपुढे जे तारे दिसतात ती आकाशवाणी नसते, ते कोणाचं तरी मत असतं, आणि मुद्दाम बदललं नाही तर ते मत असिस्टंटचं असतं. त्याची पारख ९ असेल तर तुमचं सतरा वर्षांचं रत्न त्याला गारगोटी दिसते. तुम्ही दीड तारा बघून पोराला विकता, आणि चार वर्षांनी तेच पोर तुमच्यावर दोन गोल मारून जातं. त्यावर उपाय दोन क्लिकचा आहे. अहवाल देणारा माणूस बदला. पोटेन्शियलची पारख १७ असलेला कोणीही चालेल, मग तो युवा संघाचा कोच का असेना. त्याच्या नजरेतून अख्खा संघ पुन्हा बघितला की काही खेळाडू एका रात्रीत मोठे होतात, काही लहान. खेळाडू तेच असतात. स्काउटच्या अहवालातले काळे तारेही नीट वाचावेत. ते गुणवत्ता दाखवत नाहीत, पुरेशी माहिती नसल्याची कबुली देतात.

युवा विभागाचा प्रमुख हे पद सर्वात गूढ, आणि म्हणूनच या छंदातलं सर्वात लाडकं. दरवर्षी क्लबच्या अकादमीतून नवी पोरं येतात, आणि ती कुठल्या स्वभावाची निघतात यावर या एका माणसाच्या स्वभावाची छाया पडते. इथे वीसपैकीचे आकडे कमी आणि नावापुढे लिहिलेला एक शब्द जास्त महत्त्वाचा. ‘मॉडेल प्रोफेशनल’, ‘प्रोफेशनल’, ‘रिझोल्यूट’, ‘ड्रिव्हन’ असा शब्द दिसला तर पगाराकडे फार बघू नये. ‘कॅज्युअल’ किंवा ‘स्लॅक’ दिसलं तर पारख २० असली तरी पुढे जावं, कारण नऊ-दहा आळशी गुणवंतांचं काय करायचं हा प्रश्न मग दरवर्षी दारात उभा राहतो. नेमणूक वेळेत करा. तुकडी दाखल होण्याच्या आठवड्यात प्रमुख बदलून काही साधत नाही. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. युवा संघाला उत्तम कोच दिले की क्लबची ‘ज्युनिअर कोचिंग’ पातळी वाढते, असं लोक धरून चालतात. ती पातळी स्वतंत्र आहे, बोर्ड पैसे ओतेल तेव्हाच वाढते. तुम्ही नेमलेले कोच कामाला येतात ते पोरं आत आल्यानंतर, आणि तिथे वर्किंग विथ यंगस्टर्स हा आकडा बघायचा.

फिजिओ आणि स्पोर्ट्स सायंटिस्ट यांच्याबद्दल लिहिण्यासारखं कमी. एकेक गुण, जितका मोठा तितका बरा. फक्त त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. आठवड्यात तीन सामने आणि वर दुप्पट तीव्रतेचा सराव लावला, तर १९चा फिजिओही पट्ट्याच बांधत बसणार.

सेट पीस कोच, म्हणजे कॉर्नर, फ्री किक अशा थांबलेल्या चेंडूच्या चाली शिकवणारा, मात्र नवा पाहुणा आहे. २०२४च्या आवृत्तीत तो वेगळं पद म्हणून आला, आणि वास्तवाच्या मागोमाग आला. लिव्हरपूलने २०१८ मध्ये थॉमस ग्रोनेमार्क या डॅनिश माणसाला फक्त थ्रो-इन शिकवायला घेतलं तेव्हा इंग्लंडमध्ये खूप लोक हसले होते. २०२१ मध्ये सेट पीस कोच निकोला जोव्हेर मँचेस्टर सिटी सोडून आर्सेनलला गेला आणि पुढे आर्सेनलच्या कॉर्नरवर टेलिव्हिजनवाले एकेक तास बोलू लागले. गेममध्ये या पदाला अजून लोक ‘जागा उरली तर’ या रांगेत ठेवतात. कॉर्नरवर गोल खाऊन सामना गेला की चिडतात ते गोलकीपरवर.

हे सगळं नको असेल तर भरतीचं काम टेक्निकल डायरेक्टरकडे किंवा डायरेक्टर ऑफ फुटबॉलकडे सोपवता येतं. सोपवण्याआधी त्याचा जजिंग स्टाफ ॲबिलिटी हा आकडा जरूर बघा. तो ७ असेल तर तो आपल्यासारखीच माणसं गोळा करतो. आणि जबाबदाऱ्यांच्या पानावर करार वाढवण्याची सूत्रं त्याच्याकडे राहिली असतील, तर ज्या कोचला जूनमध्ये निरोप द्यायचं तुम्ही मनात योजलेलं असतं, त्याचा करार आणखी तीन वर्षांसाठी वाढल्याची बातमी इनबॉक्समध्ये येऊन पडते. मुदतीआधी काढायचा तर भरपाई.

एवढं जमवून आणल्यावर संघ जिंकू लागतो, आणि जिंकू लागला की स्टाफ दिसू लागतो. माणसं सांभाळणं १८, टॅक्टिकल नॉलेज १७, मोटिव्हेटिंग १६ असा असिस्टंट तुम्ही कुठल्याशा खालच्या लीगमधून उचललेला असतो. एके दिवशी दुसऱ्या क्लबचं बोलावणं येतं. तुम्ही पगार वाढवून देता. करार लांबवता. वर बढतीची भाषाही करून बघता. तो ऐकून घेतो आणि जातो, कारण त्याला आता मॅनेजर व्हायचंय. त्याच्या जागी येऊ शकतील अशा तिघांची नावं शॉर्टलिस्टमध्ये करारांच्या तारखांसकट आधीच टाकलेली नसतील, तर पुढचा महिनाभर टीम टॉक, म्हणजे सामन्याच्या वेळची संघापुढची भाषणं, तुम्हालाच द्यावे लागतात.