नॉर्डश्लाइफे, ७:२० ची मोहीम: ब्रेकचं भूत सापडलं

मंडळी, ७:२५.२! ग्रॅन टुरिस्मो ७ (जीटी ७) या रेसिंग गेममध्ये, जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफे या लांबलचक ट्रॅकवरचा हा माझा लॅप. लक्ष्य ७:२०, म्हणजे पोर्शेने खऱ्या गाडीची दिलेली वेळ.

आधीची बेस्ट ७:२८.९ होती आणि तिथे मी जवळपास दोन महिने रुतून बसलो होतो. गाडी तीच, पोर्शे ९११ जीटी३ आरएस (९९१), पूर्ण स्टॉक. टायर स्पोर्ट्स हार्ड, टीसीएस (चाकं घसरू न देणारी मदत) शून्य, एबीएस डिफॉल्ट. बदल झाला तो फक्त माझ्या ब्रेक पेडलच्या पोटात.

मागच्या नोंदीत आरेमबेर्ग या वळणाबद्दल लिहिलं होतं. श्वेडनक्रॉइत्सचा चढ ओलांडून गाडी हलकी होते, ती खाली बसली की सरळ रेषेत जोरात ब्रेक आणि मग उजवीकडे. एका लॅपला गाडी अगदी हवी तिथे थांबायची, पुढच्या लॅपला त्याच खुणेवर ब्रेक दाबून थेट कठड्यात. मी दोष स्वतःलाच देत होतो. ब्रेकची खूण दहा मीटर अलीकडे घेतली, टीसीएस एकवर नेऊन पाहिला, कॅमेरा बॉनेटवरून कॉकपिटवर नेला. काही फरक नाही. तुमच्यापैकी दोघांनी ‘गेमच्या १.४९ च्या अपडेटनंतर सस्पेन्शन बदललंय, वजन पुढे यायला वेळ दे’ असं सुचवलं होतं. तेही आठवडाभर केलं.

शेवटी पीएस५वर क्लिप सेव्ह केली आणि आरेमबेर्गचे ते तीन सेकंद अगदी हळू चालवून पाहिले. नजर गाडीवर न ठेवता वेगाच्या आकड्याशेजारच्या ब्रेकच्या पट्टीवर ठेवली. पट्टी पूर्ण भरते, अर्ध्यावर कोसळते, परत भरते. माझा पाय तर दाबलेलाच होता! खात्री करायला स्टीयरिंग व्हील आणि पेडल काढून ड्युअलसेन्स या हातातल्या कंट्रोलरवर तोच भाग पंधरा वेळा चालवला. पट्टी एकदाही मधेच कोसळली नाही. म्हणजे गेम निर्दोष, मी निर्दोष, पेडल किती दाबलं ते मोजणारा भाग, पोटेन्शियोमीटर, आजारी.

हे पेडल पोटेन्शियोमीटरवरच चालतात. आत कार्बनच्या पट्ट्यावर एक बारीक पत्रा घासत फिरतो. त्या पट्ट्यावर धूळ बसली की मधेच संपर्क तुटतो आणि कन्सोलला वाटतं पाय उचलला. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानात गेलो. काकांनी माझं ऐकून घेतलं आणि सांगितलं, ‘गंजावर मारायचा स्प्रे मारू नकोस, तो तेलकट थर ठेवतो. कॉन्टॅक्ट क्लीनर ने, आणि प्लग काढल्याशिवाय हात लावू नकोस.’ ऑनलाइन मागवण्यापेक्षा अशा माणसाकडून वस्तू घेणं मला कधीही पटतं.

पेडलचा तळ उघडला तर स्प्रिंगच्या ग्रीसमध्ये माखलेले मांजराचे केस! कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे, पेडल वीस-पंचवीस वेळा वरखाली, अर्धा तास वाळवण. मग व्हील सुरू करून तिन्ही पेडल एकदा पूर्ण दाबले, म्हणजे कॅलिब्रेशन नीट होतं. पहिल्याच लॅपला आरेमबेर्गला गाडी अशी वळली की पुलाखालून फुक्सरोरेच्या उतारावर जाताना अंगावर काटा आला. पट्टी भरलेली राहिली, मी ती हळूहळू सोडत वळणात शिरलो. ट्रेल ब्रेकिंग म्हणजे काय हे पहिल्यांदा पायाला कळलं.

लोडसेलचे, म्हणजे पायाचा जोर मोजणारे, पेडल घ्यायचे म्हणून पैसे बाजूला काढत होतो. ते सध्या थांबवतोय. वीस मिनिटांच्या साफसफाईत तीन सेकंदांहून जास्त मिळाले, तर आधी याच पेडलमधून काय निघतं ते बघू.

आता ७:२० बद्दल. हे लिहिता लिहिता एक गोष्ट तपासली आणि सगळं गणित हललं. पोर्शेने २०१५ मध्ये या गाडीची दिलेली ७:२० ही वेळ जुन्या मापाची, २०.६ किलोमीटरची आहे. त्यात टी१३ या प्रेक्षकांच्या स्टँडजवळचा तुकडा धरत नसत. जीटी ७ मधला लॅप पूर्ण २०.८३२ किलोमीटरचा. फरक किती पडतो? २०२१ मध्ये मांथाय कंपनीच्या किटवाल्या पोर्शे जीटी२ आरएसने एकाच लॅपमध्ये दोन्ही मापांच्या वेळा नोंदवल्या, ६:३८.८ आणि ६:४३.३. म्हणजे साडेचार सेकंद! त्या हिशेबाने माझे ७:२५.२ जुन्या मापात ७:२०.७ च्या आसपास येतात. माझी गाडी त्या तुकड्यावर थोडी हळू असणार, म्हणून कदाचित त्याहूनही कमी. पाऊण सेकंदाचा प्रश्न उरला, मंडळी!

तेव्हा बेत बदलला. कारुसेल हे वळण घोटायचं ठरवलं होतं, ते मागे ठेवतो. आधी टी१३ चा तुकडा क्लिपवर मोजून माझा स्वतःचा फरक काढतो. मग फ्लान्झगार्टन हा उडीचा भाग. तिथे गाडी हवेत जाण्याआधी ब्रेक पूर्ण सोडलेला असला पाहिजे, नाहीतर खाली येताना मागचा भाग सुटतो, आणि माझा पाय अजून तिथे भीतीने चिकटून राहतो. गेममधल्या सर्किट एक्सपिरियन्स या सरावात हा भाग सुटा चालवता येतो, पण गाडी आपल्या मर्जीची मिळत नाही, त्यामुळे पायाची सवय वेगळीच लागते. मी टाइम ट्रायललाच पूर्ण लॅप काढणार, घोस्ट (आधीच्या लॅपची सावलीसारखी गाडी) लावून. कुणाकडे याच गाडीचा फ्लान्झगार्टनमधला ब्रेकच्या पट्टीसकट व्हिडिओ असेल तर दाखवा. मला तुमचा पाय नेमका कधी उचलला जातो ते बघायचंय.